सोमवारी विश्रांती

मॅरेथॉनच्या तयारीचा कुठलाही तक्ता घ्या, सोमवारच्या रकान्यात 'विश्रांती' छापलेलं असतं. रविवारी लांब पल्ला धावायचा, सोमवारी अंग सैल सोडायचं. तक्ता करणाऱ्याला नावं ठेवायला जागा नाही. त्याच्या डोळ्यांपुढचा माणूस सोमवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत जातो आणि संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसतो. ते बसणं हीच त्याची विश्रांती. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आषाढातल्या सोमवारी प्लास्टरचा टेंपो येतो. गल्लीत दोन्ही अंगांना मूर्ती वाळत ठेवलेल्या, त्यामुळे तो तोंडाशीच थांबतो आणि तिथून पुढं गोणी ज्याच्या त्याच्या पाठीवर.

मी कुंभार, आणि लांब पल्ल्याचं धावणारा. धावण्यात नाव वगैरे काही नाही, शर्यत पुरी करणाऱ्यांच्या मधल्या गर्दीतला एक. पहाटे परीख पुलाखालून राजारामपुरीत शिरायचं आणि चढानं विद्यापीठ गाठायचं, हा नेहमीचा रस्ता. तिथं रोज भेटणारी मंडळी आहेत. डॉक्टर, बँकेतले, प्राध्यापक, एकदोन कारखानदार. चांगली माणसं. पण धावून झाल्यावर परत अंगमेहनतीलाच जायचंय असा त्यांच्यात मी एकटा. त्यामुळे दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. गल्लीतलं एखादं जुनं खोड म्हणतं, "काय रं, दिवसभर राबून मस्ती जिरंना व्हय?" आणि विद्यापीठावरचे म्हणतात, "तुमचं बरंय, तुमचा निम्मा व्यायाम कामातच होतो." पहिल्यावर हसून भागतं. दुसरं कौतुकानं म्हटलेलं असतं, तरी टोचतं. आणि ते काही आजचं नाही. साहेबानं ते एकेकाळी नियमात लिहून ठेवलं होतं.

इंग्लंडात टेम्स नदीवर हेन्ली इथं होड्या वल्हवण्याची मोठी नावाजलेली स्पर्धा भरते. १८७९ साली त्यांनी हौशी खेळाडू कोणाला म्हणायचं हे ठरवलं, आणि जो मजुरीवर राबणारा कारागीर, यंत्रावरचा कामगार किंवा मजूर आहे, किंवा पूर्वी कधी होता, तो हौशी नव्हे असं त्यात घातलं. यात उच्चभ्रूंची सोवळ्या-ओवळ्याची भावना होती हे उघड आहे. बरोबर बसून जेवायला नको, बरोबर वल्हवायलाही नको. पण सांगायला कारण दुसरंच दिलं जायचं: जो दिवसभर अंगानं राबतो त्याचे स्नायू कामातच तयार होतात, मग बिचाऱ्या जंटलमननं त्याच्यापुढं टिकायचं कसं? म्हणजे घणाचे घाव घालणं ही त्या माणसाला मिळालेली फुकटची तालीम, आणि ती अन्यायाची.

१९२० साली फिलाडेल्फियाच्या जॉन केली नावाच्या वल्हवणाऱ्याचा अर्ज हेन्लीनं परत पाठवला. त्याच्या क्लबवर जुनी बंदी होती, ते एक कारण. पण तो विटांचं काम केलेला गवंडी होता, हेही आड आलं. पुढं सिनेमात गाजलेली ग्रेस केली ही त्याची मुलगी. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये केलीनं सुवर्णपदक घेतलं, आणि अंतिम शर्यतीत मागं टाकलं ते इंग्लंडच्याच गड्याला. हेन्लीचा तो नियम जायला १९३७ साल उजाडलं.

अँटवर्पचं हे ऑलिम्पिक मला फार आवडतं. एक तर तिथली मॅरेथॉन फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेननं जिंकली, आणि तोही गवंडीच. दुसरं म्हणजे त्याच शर्यतीत आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले धावत होता. नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा तो रस्ता चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटांत कापला आणि एकोणिसावा नंबर घेतला. भारताचा संघ तिथवर पोचायला कारण झाला पुण्याचा डेक्कन जिमखाना. तिथल्या शर्यतींना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले. शेतात राबणारी, साधंसुधं खाणारी पोरं पक्क्या सडकेवरून अनवाणी लांबच्या लांब धावताना त्यांनी पाहिली, आणि यांना ऑलिम्पिकला पाठवायला हवं असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढं त्यांनी पत्रातही हे लिहिलं आहे.

दोन गवंडी आणि बेळगावचा एक अनवाणी धावणारा. एवढ्यावर हेन्लीवाल्यांचं म्हणणं खरं वाटायला लागतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, कारण वाटून घ्यायला बरं वाटतं. राबणाऱ्याच्या अंगात काही जास्तीचं असतं, हा समज राबणाऱ्याला सुखावतो आणि राबवून घेणाऱ्याला तर फारच सोयीचा पडतो. पण त्या पुण्याच्या सडकेवर न आलेली पोरं कोण मोजणार? फाळ लागून पाय गेलेलं, कंबर धरलेलं, किंवा त्या दिवशी मालकानं सोडलंच नाही असं.

विज्ञानाचंही आधी तसंच झालं. जेरी मॉरिस या डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ साली ते छापून आलं. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. तिथून 'हालचाल करा' हा मंत्र जगभर गेला. अलीकडं डेन्मार्कमधले अँड्रियास होल्टरमन आणि त्यांचे सहकारी मात्र वेगळंच सांगू लागले आहेत. फावल्या वेळात केलेला व्यायाम हृदयाला मानवतो, पण कामावरची जड मेहनत तशी मानवतेच असं नाही, कित्येकदा उलटं होतं. त्यांची कारणं वाचताना मला आमची गल्लीच दिसत होती. काम तासन्‌तास चालतं पण हळू चालतं, त्यामुळं दमसास वाढावा इतकं हृदय कधी पळत नाही. एकाच आसनात अंग धरून ठेवावं लागतं. जड उचलताना श्वास कोंडतो, रक्तदाब चढतो. नाडी दिवसभर थोडी वरच राहते. आणि दोन कामांच्या मधे अंग भरून यायला जी सवड लागते ती आपल्या हातात नसते.

घासकामाचंच सांगतो. साच्यातून काढलेल्या मूर्तीवर सांध्याची रेघ असते, बुडबुड्यांची भोकं असतात. भोकं भरायची, रेघ काढायची, मग पॉलिश पेपरनं आधी जाड, मग बारीक असं सगळं अंग घासायचं. सोंडेच्या वळणाखाली, मांडीच्या घडीत, उंदराच्या कानामागं हात जात नाही, तिथं कागदाची सुरळी करून बोटाच्या टोकानं. बसायचं उकिडवं. डाव्या हातानं मूर्ती तोललेली, मान वाकडी, उजव्या खांद्याची तेवढी इंचभर हालचाल. घाम येत नाही, धाप लागत नाही. बघणाऱ्याला वाटावं, बसून तर काम चाललंय! तासाभरानं उठताना जांघा आखडलेल्या असतात, पहिली चार पावलं म्हाताऱ्यासारखी पडतात. पिठासारखी पांढरी भुकटी नाकात, भुवयांवर, बोटांच्या भेगांत बसते. तोंडाला फडकं बांधलं तरी दुसऱ्या दिवशी पहाटे सागरमाळच्या चढावर जोरात श्वास घेतला की घशात तिची चव येते. हे ज्याला व्यायाम वाटतो त्यानं श्रावणात एक दिवस येऊन बसावं. चहा आमच्याकडून.

कार्ल फॉस्टर या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञानं मेहनत मोजायची एक साधी पद्धत रूढ केली. व्यायाम झाल्यावर स्वतःलाच विचारायचं, शून्य ते दहात किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं, की झाला त्या दिवसाचा भार. यंत्र नको, रक्त तपासायला नको. रविवारी दोन तास बेतानं धावलो आणि जड गेलं पाच, तर १२० गुणिले ५, म्हणजे ६००. आता हेच गणित कामाला लावा. आषाढातला दिवस दहा तासांचा धरा, जडपणा चारच धरा. ६०० मिनिटं गुणिले ४, म्हणजे २४००. कामाचा एक दिवस रविवारच्या चार लांब धावांएवढा! पद्धत धावण्या-पोहण्यासाठी केलेली आहे, मूर्तिकामाला ती तंतोतंत लागू पडेल असं नाही. पण हा हिशेब पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. सोमवार ते शनिवार एवढा भार वाहणाऱ्याला तक्ता सांगतो, मंगळवारी टेकडीवर वेगानं दहा फेऱ्या मारा. मारल्या तर मारल्या जातातही, तरुणपणी. पिंडऱ्या मग भाद्रपदात बोलतात.

विद्यापीठावरच्या मंडळींतल्या एका मित्रानं त्याचं जुनं धावण्याचं घड्याळ मला दिलं. मनगटावर नाडी मोजणारं, पावलं मोजणारं, झोपेचाही हिशेब ठेवणारं. एकदा मोसमात मी ते दिवसभर काढलंच नाही. दोन दिवसांत त्यानं निदान केलं की माझं प्रशिक्षण अति झालं आहे आणि मी तीन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. त्या दोन दिवसांत मी एक पाऊलही धावलो नव्हतो. थोरल्या भावाला घड्याळ दाखवलं. दादा म्हणाला, "त्याला म्हणावं, रंगाला माणूस धाड, मग झोपतो." तेव्हापासून कामावर ते खुंटीला.

विश्रांती कोण देतं, हा यातला खरा मुद्दा. आणि कोल्हापुरात राहून हा मुद्दा सुचायला मला इतका वेळ का लागावा कळत नाही, कारण या गावानं तो शंभर वर्षांपूर्वी सोडवून दाखवला होता. शाहू महाराजांनी १८९५ साली आमची शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठी, गुळाच्या पेठेसाठी. तीस-तीस किलोचे रवे उचलणारे हमाल या पेठेनं पाहिले. त्याच महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं आणि पैलवान पोसले. पेठेतला हमाल आणि तालमीतला पैलवान, दोघंही अंगाचं खाणारे. पण पैलवानाच्या दिवसाकडं नीट बघा. पहाटे उठून जोर, बैठका, लढती. मग खुराक: दूध, तूप, बदाम, मटण. आणि मग झोप. दुपारची झोप. तालमीत जोर चुकवला तर वस्ताद जेवढा रागावतो तेवढाच दुपारी बाहेर हुंदडताना दिसला तर रागावतो. संध्याकाळी परत मेहनत, रात्री लवकर पाठ टेकायची. लोक खुराकाच्या गोष्टी चवीनं सांगतात, इतके शेर दूध आणि इतकी अंडी. झोपेची गोष्ट कोणी सांगत नाही. खरं तर राजाश्रय म्हणजे थाळीतल्या तुपाइतकीच ती दुपारची झोप. खेड्यातसुद्धा घरातलं एक पोरगं पैलवान करायचं तर त्याच्या वाटणीचं शेत बाकीचे भाऊ करायचे. त्याला नांगराला धरायचं नाही, हा अलिखित करार.

आजचे मोठे धावणारेही याच वाटेनं गेलेले दिसतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनचा बर्फ झाला, राजस्थानचं वाळवंट झालं, सिक्कीम झालं. तोवर तो खेळाडू नव्हताच, जवान होता. २०१५ च्या सुमारास फौजेतल्या क्रॉसकंट्रीच्या निमित्तानं तो धावण्यात आला, वाढलेलं वजन उतरवलं, आणि २०१८ साली भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याच्या मुलाखती आल्या की सियाचीनवर भर असतो. त्या थंडीनं त्याला कणखर बनवलं, वगैरे. बनवलंही असेल. पण विक्रम सियाचीनच्या पहाऱ्यावर असताना झाले नाहीत. फौजेनं त्याला चौकीवरून काढून सरावाच्या छावणीत पाठवलं, दिवसाचं काम म्हणून धावायला लावलं, तेव्हा झाले. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हा तिच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती. सर्वांत वर गेलेलं कोणी कष्टाचं काम आणि धावणं यांचा तोल सांभाळत बसलेलं दिसत नाही. कोणीतरी त्यांचं काम हलकं केलेलं असतं. तोल सांभाळणं हे खालच्यांचं आणि मधल्यांचं.

मग मधल्यांनी करायचं काय? मी तरी आठवड्याचा तक्ता फाडून टाकला आणि पंचांग हाताशी घेतलं. कुंभाराचं वर्ष आठवड्यांचं नसतंच. बेंदराचे बैल, नागपंचमीचे नाग, गणपती, गौरी, मग नवरात्र, मग पणत्या आणि किल्ल्यावरचे मावळे, आणि शेवटी संक्रांतीची सुगडी. साताऱ्याची यवतेश्वर घाट चढून जाणारी अर्धमॅरेथॉन इथून जवळ आहे, नावाजलेलीही आहे, पण ती भरते ऐन गणपतीच्या आगेमागे. तिचं नाव आमच्या घरात काढायचं नाही. मुंबई मॅरेथॉन मात्र जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे सुगडी विकून झाल्यावर. ज्यानं ही तारीख ठरवली त्याच्या घरात कोणीतरी कुंभार असला पाहिजे.

राहता राहिला उन्हाळा संपल्यापासून चतुर्थीपर्यंतचा कामाचा डोंगर. इथं मला शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांचे प्रयोग उपयोगी पडले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी माणसांकडून आठवड्याचे सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला आणि मग तो कमी केला. काहींचे सहाचे दोन दिवस केले, पण त्या दोन दिवसांतली तीव्रता तीच ठेवली. पंधरा आठवड्यांनंतरही कमावलेला दमसास जवळजवळ जागच्या जागी होता. पुढच्या प्रयोगात दिवस आणि वेळ तेवढाच ठेवून जोर कमी केला, तर मात्र घसरण झाली. पंधरा आठवड्यांत ज्येष्ठ, आषाढ, श्रावण आणि चतुर्थी, सगळं बसतं. तेव्हापासून पावसाळ्यात मी वाढवायच्या फंदात पडत नाही, राखण करतो. आठवड्यातून दोनदा थोडंच पण जोरात धावायचं, आणि उरलेल्या पहाटे झोपायचं. झोपायचं हे सोपं वाटेल, पण पहाटे जाग आल्यावर पावसाचा आवाज ऐकत अंथरुणात पडून राहणं हा माझ्या आजवरच्या सरावातला सगळ्यात अवघड भाग आहे. वाटतं, विद्यापीठावर सगळे आले असतील. सकाळची नाडी रोजच्यापेक्षा पाच-सात ठोके वर असली की मन मारावंच लागतं.

धावण्यानं कामाला काही दिलं का, असं दादा अधूनमधून विचारतो. धंद्याचा माणूस, वळतं-जमेचा हिशेब मागणारच. दिलं, पण ताकद नव्हे. ताकदीत दादा आजही मला ऐकणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्याचं पाणी मागं फुगून आमच्या गल्लीत शिरलं. चतुर्थीला महिनाही उरला नव्हता. रंगवलेल्या, अर्ध्या रंगलेल्या, ओल्या, सगळ्या मूर्ती हलवायच्या होत्या. शाडूची मूर्ती तर पाण्याला लागली की विरघळलीच. कमरेएवढ्या गढूळ पाण्यातून मूर्ती डोक्यावर धरून जायचं, माडीवर ठेवायची, परत यायचं. सुरुवातीला सगळे तुटून पडले. दोन-दोन मूर्ती, पळत, ओरडत. मी एकेक नेत होतो. दादानं शिव्याही घातल्या. मध्यरात्रीनंतर एकेक जण जिन्यावर बसायला लागला तेव्हा माझी चाल सुरुवातीला होती तीच होती. लांब पल्ल्याच्या माणसाला एवढंच येतं, पुढं किती उरलंय ते माहीत नसताना हात राखून चालणं. मोसमातही आता मी तसंच करतो. ज्येष्ठात उत्साहानं रात्री जागवत नाही, श्रावणासाठी शिल्लक ठेवतो. हे दादाला पटलंय असं मी म्हणणार नाही, पण त्यानं बोलणं सोडलंय.

आणि धावायचंच का, इतकं सगळं करून? जुन्या खोडाचा प्रश्न काही वाईट नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "तात्या, मूर्ती घासली की ती गिऱ्हाइकाची. पळालेलं कोण न्हेतंय?" ते बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "न्ह्यायला हाय काय त्यात?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि अजून नाही.

पण माझं हे सगळं हौसेचं झालं. धावलो नाही तर माझं काही अडत नाही. ज्यांचं अडतं ती पोरं पोलीस ग्राउंडवर असतात. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडून येऊन चौघं-पाचजण मिळून खोली घेतात. पहाटे भरतीची तयारी, दिवसा मिळेल ते काम. कोणी फाउंड्रीत, कोणी हॉटेलात, कोणी हमाली. मोसमात आमच्याकडं घासकामाला, गोण्या वाहायला अशी पोरं येतात. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी पन्नास गुणांची, त्यात पुरुषांना १६०० मीटर धावायचं, वेळ वाढेल तसे गुण कमी होतात. फौजेला जाणाऱ्यांचंही तसंच. हा काही लांब पल्ला नव्हे, पण आठ तास काम करून आलेल्या पायांना १६०० मीटर पुरे होतं. पूर्वी याच भरतीत पाच किलोमीटर धावावं लागायचं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत त्या धावेत उमेदवार दगावले, त्यानंतर अंतर कमी झालं. बातम्यांत तेव्हा ऊन, पाणी, व्यवस्था यांची चर्चा झाली. ती पोरं आदल्या दिवशी काय काम करून, कुठं झोपून, काय खाऊन तिथं उभी राहिली होती, याची चर्चा माझ्या वाचनात आली नाही.

गेल्या मोसमात शाहूवाडीकडचं असंच एक पोरगं आमच्याकडं होतं. चपळ, हाडापेरानं धावणाऱ्याचं. वेळ चांगली लागायची, आणि आषाढात ती पडत गेली. पहाटे ग्राउंडवर तो आणखी जोर लावायचा, त्यानं आणखी पडायची. मी त्याला म्हटलं, गोण्यांच्या दिवशी पहाटे पळू नकोस. तो म्हणाला, "भाऊ, मग इतर पोरं म्होरं जात्यात की." त्यांची घड्याळं एकमेकांच्या पुढं धावतात, कोणाला थांबवणार? तेव्हा मी दुसऱ्या बाजूनं धरायचं ठरवलं. पहाट त्याची आहे, ती माझ्या हातात नाही. दुपार आमची आहे.

दादाला म्हटलं, भरतीच्या पोरांना जेवणानंतर तासभर झोपू द्यायचं. पगार न कापता.

दादानं हातातला ब्रश खाली ठेवला. "आन् बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"सगळ्यांनाच देऊ."

"आषाढात? पोरं काय बसून हायती व्हय? राबत्यात, अंग तयार हुतंय, ह्योच त्यांचा व्यायाम." अगदी हेन्लीच्या पंचासारखं. दादाला हेन्ली काय माहीत!

मी त्याला तालमीतल्या दुपारी सांगितल्या. आमचे आजोबा थोडं कुस्तीत होते, त्यांना झोप मिळावी म्हणून पणजोबा चाक स्वतः फिरवायचे, ही घरातलीच गोष्ट काढली. ती त्यालाही ठाऊक होती, माझ्यापेक्षा जास्त. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अर्धा तास. आन् शेवटच्या पंधरा दिवसांत न्हाई. त्या पंधरा दिवसांत झोपायचं आसंल तर चतुर्थीला मूर्ती तू पळत पोचव."

सौदा अर्ध्या तासावर ठरला. मागच्या खोलीत जुने फ्लेक्स अंथरून पोरं आडवी व्हायची, रंगाच्या वासात. शाहूवाडीच्या पोराची वेळ थोडी सावरली, पण ती झोपेनं की त्या महिन्यात टेंपो कमी आले म्हणून, हे सांगता येणार नाही. भरती अजून व्हायची आहे. यंदा मी पाऊण तास मागणार आहे, आणि गोण्या उतरवायला ढकलगाडी. ढकलगाडीला दादा तयार होईल, ती एकदाच घ्यावी लागते.